नाव न सांगायचं औषध

साल दोन हजार बावीस. मला बहात्तरावं लागलेलं आणि माझी नात स्वरा चार वर्षांची. भाताची लावणी उरकली आणि पोरीच्या कोपरांच्या खळीत खाजेचे चट्टे उठले. तान्ही असताना तिचे गाल असेच लाल व्हायचे. तेव्हा बायका म्हणाल्या, दात येतायत. मीही तेच म्हणालो. आता दात येऊन गेले होते आणि खाज मुक्कामाला आली होती. गुडघ्यांच्या मागं, मनगटावर, मानेला. पोर झोपेत खाजवायची आणि सकाळी वाकळेवर रक्ताचे ठिपके दिसायचे.

याला आमच्याकडं इसब म्हणतात. डॉक्टर एक्झिमा म्हणतात. मी तिसरीतनं शाळा सोडलेला माणूस, मला त्यातलं डॉक्टरी सांगता यायचं नाही. पण ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांनी मी केलं ते करू नये, एवढ्यासाठी लिहायला बसलोय. लिहायला वेळ लागतो. हात थरथरतो असं नाही, हात अजून चांगला आहे. लाज वाटते म्हणून वेळ लागतो.

*

आमचं गाव पाली नावाच्या छोट्या गावाच्या पलीकडं, किल्ल्याच्या अंगाला. त्या भागात इसबाचं औषध म्हटलं की आमचं घर. माझा बाप द्यायचा, त्याच्या मागं मी. एका झाडाची मुळी, सहाणेवर उगाळून करंजाच्या तेलात कालवायची. द्यायची ती रविवारी सकाळी. घेणाऱ्यानं उपाशीपोटी यायचं, देणाऱ्यानं पैसा घ्यायचा नाही, चहासुद्धा नाही. आणि मुळीचं नाव कुणाला सांगायचं नाही. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो. बापानं मला नाव सांगितलं ते अंथरूण धरल्यावर, कानात. माझी बायको तेव्हा पाणी पाजायला उशाशी बसलेली, तिलाही बाहेर जायला लावलं.

ही रीत आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. कावीळ उतरवणारा असो का विंचू उतरवणारा, काय दिलंस म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

बापाच्या मुळीनं गुण यायचा, पण सावकाश. किंवा मुळीनं काहीच होत नसेल, पावसाळा सरला की इसब आपोआप बसत असेल. आता मला ते छातीठोक सांगता येत नाही. माझ्या वेळेपर्यंत लोकांना धीर राहिला नाही. पानशेतकडचा एक जण औषध घेऊन गेला आणि पुढच्या खेपेला येऊन भरल्या पडवीत म्हणाला, "तात्या, गुण तुमच्या बापाच्या हाताला हुता."

ते मला लागलं. लई लागलं.

आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या नडग्यांना इसब होतं. औषध देणाऱ्यालाच! धोतर घोट्यापर्यंत सोडून फिरायचो, लावणीच्या चिखलातसुद्धा वर खोचायचो नाही. बायको म्हणायची, "खाचरात काय नवरदेव म्हणून उभं ऱ्हायचंय व्हय?" शेवटी बाजाराच्या गावी गेलो आणि एका मेडिकलमधून ट्यूब आणली. कागद नाही, चिठ्ठी नाही, नुसतं 'खाजेवर द्या' म्हटलं आणि त्यानं दिली. दोन दिवसांत खाज बसली. इतक्या वर्षांची खाज!

मी ती ट्यूब मुळीच्या औषधात कालवली.

मग लोक म्हणायला लागले, "तात्या, बापाच्या वरताण निघालात." विचारलं कुणीच नाही. विचारायचं नसतंच ना. बापानं ती रीत झाडासाठी घातली होती, मी तिच्याआड ट्यूब लपवली. रिकाम्या ट्यूबा भाताच्या कणगीमागं टाकायचो. तिकडं कुणी झाडत नाही.

*

स्वराला आमच्या सुनेनं, सुरेखानं, आधी सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तिथनं पांढऱ्या मलमाचा डबा मिळाला. अंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच चोपडायचं, दिवसातनं दोन-तीनदा. मी डबा उघडून वास घेतला. कसलाच वास नाही.

"हे वंगण हाय," मी म्हटलं. "टेम्पोच्या चाकाला लाव."

सुरेखा हसली. तेव्हा ती माझ्या बोलण्यावर हसायची.

मी माझी डबी काढली. आधी कोपरांना लावलं, मग गुडघ्यांना. दोन-तीन दिवसांत पोरीची कातडी लोण्यासारखी झाली. मी अख्ख्या आळीत सांगत फिरलो, डॉक्टरला जमलं न्हाई ते म्या केलं. मग जेव्हा जेव्हा खाज उठली तेव्हा सुरेखा आपण होऊन म्हणायची, "तात्या, जरा औषध द्या की." हिवाळ्यात गालांवर उठलं. मी गालांना लावलं. मग रोजच लावायला लागलो, उठो न उठो.

आणखीही केलं. इसब म्हणजे मळ, असं मी धरून चाललो होतो. लावणीतनं आल्यावर आपण पाय कसे कढत पाण्यानं आणि वजरीनं घासतो, तशी पोरीची अंघोळ मी घालायला लावली. पोर किंचाळायची. मी बाहेरनं म्हणायचो, "घासा, घासा, किडं मरू द्यात." अंडं बंद केलं, शेंगदाणे बंद केले, वांगं, मासळी, दही, सगळं बंद. जत्रेत सगळी पोरं मटणाच्या रश्श्यात भाकरी बुडवून खात होती आणि स्वरा मुगाच्या डाळीचा भात चिवडत बसली होती. तिनं मला विचारलं, "तात्या, मी आजारी हाय का वाईट हाय?" मी म्हटलं, "पथ्य हाय." रात्री थंडी म्हणून तिला माझ्या लोकरीच्या घोंगडीत घ्यायचो. ती आणखी खाजवायची. मला वाटायचं, मायेनं घेतोय.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं तोंड बिघडलं. गाल लालबुंद, कातडी इतकी पातळ की आतल्या बारीक शिरा दिसाव्यात, हनुवटीपाशी पुटकुळ्या, ओठांच्या वर लव. उन्हात गेली की रडायची, "भाजतंय." औषध एक दिवस चुकलं की तोंड पेटायचं. सुरेखा घाबरली. मी म्हटलं, "औषध रोगाला भाईर काढतंय. बसंल." आणि जास्त लावलं.

माझ्या मनात काय चाललं होतं? मला कळलं होतं का? थोडं कळलं होतं. माझ्या नडग्यांची कातडी पण तशीच कागदासारखी झाली होती. पण थांबवायचं म्हणजे का थांबवलं ते सांगायचं. म्हणून लावत राहिलो.

*

मग पोरीला ताप चढला आणि मानेवरच्या चट्ट्यांत पू झाला. सुरेखाचं माहेर आंबवड्याचं, तिला भोरचा दवाखाना माहितीचा. माझा मुलगा दत्ता खेड-शिवापूरला कंपनीत आहे, तो रजा टाकून आला. मीही गाडीत बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण बसू नका असंही कुणी म्हणालं नाही.

कातडीच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या असतील. त्यांनी स्वराचं तोंड उजेडात धरलं, बोटानं गाल ताणून बघितला आणि सुरेखाला विचारलं, "तोंडाला काय लावता?"

"झाडपाल्याचं औषध. घरचंच. आमचे सासरे देतात."

"झाडपाल्यानं असं होत नाही. कुठली ट्यूब लावलीत?"

"ट्यूब न्हाई हो बाई. देवाशपथ."

"ताई, हे ट्यूबचंच तोंड आहे. रोज बघते मी. मला रागवायचं नाहीये. काय लावलं, किती महिने लावलं, हे कळल्याशिवाय मी ते उतरवू कसं? अंदाजानं करू का, एवढ्याशा पोरीवर?"

बाहेर लोक उभे होते, दार उघडंच होतं. सुरेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्याकडं वळली. "तात्या, सांगा ना त्यांना. मुळीचंच औषध हाय ना?"

मी म्हटलं, "नाव सांगितलं की गुण जातो."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. मग स्वराचं तोंड हळूच माझ्याकडं फिरवलं. "गुण कुठं आहे, आजोबा? मला दाखवा."

मी खाली बघितलं. मला वाटतं, माणसानं जन्मात एकदा तोंड उघडायचं असतं ती वेळ तीच होती. मी उघडलं नाही.

पोरीला भरती करायला सांगितलं. जिन्याखाली दत्ता सुरेखाला म्हणाला, "तूच काय तरी आणलं असशील मेडिकलातनं. तात्यांचं औषध तर अख्खं खोरं नेतंय, कुणाला काय झालं?" ती म्हणाली, "म्या आणलं असतं तर सांगितलं नसतं का?" तो म्हणाला, "काय भरोसा." मी हाताच्या अंतरावर उभा होतो, पिशवी धरून. पिशवीत पोरीचे कपडे होते.

*

वॉर्डातलं सांगतो, कारण पुढं ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना भीती वाटू नये. सलाईनमधनं पुवाचं औषध. सकाळी कोमट पाण्यानं अंघोळ, घासायचं नाही, साबण नावाला. टॉवेलनं टिपायचं. लगेच ते मलम, सुरेखाच्या डब्यातलं होतं तसंच, बिनवासाचं. हातापायांना त्यावरनं ओलं सुती कापड, त्यावर कोरडं. नखं कापून हातात पायमोजे घातले, खाजवू नये म्हणून. स्वरा त्या मोज्यांना बाहुल्या करून एकमेकांशी भांडायला लावायची. "तू खाजवलंस." "न्हाई, तूच खाजवलंस." शेजारच्या खाटेवरची म्हातारी खदाखदा हसायची आणि आपल्या वाटणीचं केळं तिला द्यायची. इतकं वाईट असताना पोर खेळत होती.

पण माझी ट्यूब बंद झाल्यावर तोंड आणखी पेटलं. सुजलं, पाझरायला लागलं. बाई म्हणाल्या होत्या, असं होणार, पण किती दिवस ते सांगता येत नाही, कारण किती आणि काय लावलं ते माहीत नाही. हे बोलताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. तेच जास्त लागत होतं.

दुपारी सुरेखा चहाला खाली गेली. मी खाटेशी बसलो होतो. स्वरानं मोज्यातला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि गाल पुढं केला.

"तात्या, तुमचं औषध लावा की. ह्यांचं झोंबतंय. तुमचं गार लागतं."

डबी माझ्या कोपरीच्या खिशात होती. हो, दवाखान्यातसुद्धा. माझा हात खिशाकडं गेलाही होता. पोरीनं डोळे मिटून घेतले, लावून घ्यायला.

मी उठलो आणि जिना उतरून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेलो. त्या डबा खात होत्या. मी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली, भाजीच्या डब्याशेजारी, आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मुळी, करंजाचं तेल, ट्यूब, कधीपासून, दिवसातनं किती वेळा. ट्यूबचं नाव मला वाचता आलेलं नव्हतं, इंग्रजीत बारीक होतं. रंग सांगितला. त्या म्हणाल्या, रिकामी ट्यूब आहे का? मी तसाच एसटीनं गावी गेलो आणि कणगीमागनं मूठभर ट्यूबा काढून दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुढ्यात ओतल्या.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "हेच औषध मीही देते, आजोबा. त्यात स्टिरॉईड असतं, ते वाईट नसतं. पण किती ताकदीचं, अंगावर कुठं आणि किती दिवस, हे बघून. तोंडावर महिनोन्महिने नाही. आणि लपवून तर कधीच नाही." मग त्यांची नजर माझ्या पायांकडं गेली. धावपळीत धोतर वर खोचलं गेलं होतं. "तुम्हालाही आहे."

"व्हय."

"बरेचदा घराण्यातनं येतं हे. एकमेकांना लागत नाही, मळानं होत नाही. अशा माणसाच्या कातडीत मुळातच पाणी टिकत नाही, ती कोरडी पडते, भेगाळते, मग बारीकसारीक गोष्टींनी खाजायला लागते."

ते मला एका झटक्यात कळलं. खेकड्यांनी बांध पोखरला की खाचरात पाणी ठरत नाही. वरनं कितीही सोडा. आधी बांध लिंपायचा असतो. ते बिनवासाचं वंगण म्हणजे लिंपण होतं, आणि मी कढत पाणी आणि वजरी घेऊन बांध आणखी फोडत बसलो होतो. जन्मभर बांध घातलेत मी. माझ्या नातीच्या अंगावरचा मला दिसला नाही.

*

सुरेखाला मी वॉर्डाच्या बाहेर बाकावर सांगितलं. दत्ताही होता. दत्ता उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. सुरेखा रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही.

"बाईंनी मला खोटारडी ठरवलं, तवा तुमी शेजारी हुता."

"व्हय."

"ह्यांनी जिन्याखाली मला बोललं, तवा बी हुता."

"व्हय."

"म्या तुमच्याकडं मागून मागून लावलं, तात्या. माझ्या हातानं."

ती पुढं म्हणाली, "आता पोरीला हात लावायचा तर मला विचारून." आणि आत गेली. सासऱ्याला असं बोलणारी ती बाई नव्हे. मी तिला तशी केली.

घरी बायकोला कळलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमच्या नाकाला जपता जपता पोरीचं तोंड गेलं," म्हणाली. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "जेवायला बसा." दोन्ही गोष्टी एकाच आवाजात.

*

पोर नुसती दवाखान्यातनं बरी होऊन आली, असं सांगितलं तर खोटं होईल. पू गेला, ताप गेला. तोंडाला लई महिने लागले. मधनंमधनं पेटायचं, मधनंमधनं बसायचं. आजही पावसाळा संपून गार वारं सुटलं की कोपरांना उठतं. हे जायचं नाही, सांभाळायचं आहे, असं बाई म्हणतात. काहींचं मोठेपणी कमी होतं, काहींचं माझ्यासारखं राहतं.

आता आमच्या घरात कोमट पाणी, अंग टिपायचं आणि ओलसर आहे तोवर मलम. उन्हाळा असो पावसाळा असो, खाज असो नसो. सुती कपडे, नखं बारीक, घोंगडी माझी मला. ताकदीची ट्यूब बाईंनी दिली तेवढीच, सांगितली तिथंच, सांगितले तितकेच दिवस, आणि ती सुरेखाच्या ताब्यात. अंडं, शेंगदाणे, दही सगळं सुरू आहे. बाईंनी विचारलं होतं, खाऊन कधी काही झालं का? काहीच झालं नव्हतं. मी उगाच त्या लेकराच्या तोंडचा घास काढला होता. माझ्या नडग्यांनाही मी तेच वंगण चोपडतो. बरं वाटतं. मला आधी बरं वाटावं याचंही वाईट वाटतं.

पण ज्या दिवशी तिला दवाखान्यातनं आणलं त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. संध्याकाळ होती. पोर आजीच्या मांडीवर झोपली होती, तोंड सुजलेलंच. सुरेखा पडवीत आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. दवाखान्यातल्या त्या बाकानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

"तात्या, ते औषध आणखी किती पोरांच्या तोंडाला लावलंय?"

मी म्हटलं, "लई."

"त्यांच्या आयांना ठावं हाय?"

मी नकाराची मान हलवली. तिनं आत जाऊन दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा न घेता निघालो आणि चालत पालीला गेलो. तिथं एका घरात थोरल्या सुनेचं तान्हं होतं, गालांना इसब होतं म्हणून महिन्यामागंच औषध नेलं होतं. मी दारात उभा राहिलो तशी ती पोरगी हात पुसत पुढं आली. बाळ कडेवर होतं. गाल गुळगुळीत, चकचकीत, आरशासारखे.

"अगंबाई, तात्या! तुमी कशाला पायपीट केलीत? आमीच येणार हुतो, संपत आलंय." तिनं फळीवरची डबी काढून माझ्यापुढं धरली. "देवासारखा गुण आला बघा. सासूबाई तर रोज तुमचं नाव काढतात."

मी डबी घेतली आणि उंबऱ्यावर बसलो. "पोरी, औषध द्याया न्हाई आलो. आधी ऐकून घे," म्हटलं. मुळीचं नाव सांगितलं, ट्यूबचं सांगितलं, माझ्या नातीच्या तोंडाचं सांगितलं. आजच्या आज भोरला जा, एकाएकी बंद करू नको, बाईंना विचारून उतरव, सगळं खरं सांग, असं सांगितलं. ऐकताना ती बाळाच्या गालावरनं बोट फिरवत राहिली. मग बाळाला उराशी धरून आत गेली आणि आतनं दाराची कडी लावली.

मी डबी उंबऱ्यावर ठेवली, बाईंना दाखवायला. मग उठलो. त्याच आळीत माझं औषध नेलेली आणखी दोन घरं होती. पुढच्या घराचं दार उघडंच होतं.